रंग बघून डोनर घेतात का?



फोटो मिळाले. झाडून सगळे बाहेरून काढलेले. चकचकीत निळा रंग, अलॉय व्हील, मागे कॉव्हेंट्रीचं आभाळ. गाडीच्या पोटाखालचा एक फोटो नाही, इंजिन नंबरचा नाही, कागदपत्रांचा तर नाहीच. आणि खाली प्रश्न, "सर, घेऊन टाकू का?" डिप्लोमाची तीन वर्षं तू माझ्या वर्गात बसलास असं हजेरीपुस्तक म्हणतं. माझा त्यावरचा विश्वास उडत चाललाय.

घरी गाडी बांधायचं हेन्स रोडस्टरचं पुस्तक तूच विकत घेतलंस ना? ख्रिस गिब्जनं त्यातला सांगाडा फोर्ड सिएराच्या भागांवर बेतलाय. डिफरन्शियल, ड्राइव्हशाफ्ट, हब हे सगळं सिएराचं धरून नळ्यांची मापं दिलीत. आणि तू डोनर म्हणून, म्हणजे भाग काढून घ्यायला, निघालास बीएमडब्ल्यू 328आय आणायला! कारण काय, तर 193 अश्वशक्ती. अरे, सहा सिलिंडर एका रांगेत मांडले की इंजिन लांब होतं, हे पहिल्या सत्रात शिकवलं होतं. लोटस सेव्हनच्या धाटणीच्या गाडीचं नाक अरुंद, पायांना जागा आधीच तुटपुंजी. "थोडं कापून बसवता येईल" म्हणतोस. काय कापणार? सांगाड्याची नळी की स्वतःचे पाय? माउंटिंग नवी, प्रॉपेलर शाफ्ट नवा, एक्झॉस्ट नवा. ज्यानं आधी दोन-चार गाड्या बांधल्यात त्यानं हे उद्योग करावेत. तुझी पहिलीच आहे. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

आधी किट ठरतं, मग डोनर. किटवाला स्वतः सांगतो, कुठल्या गाडीचं काय काय लागेल. सिएराच हवी असेल तर एवढं ध्यानात ठेव, ती 1993 मध्ये बंद झाली. सगळ्यात धाकटीचंही वय तिशीपार. आणि ते 250 पौंडांत गाडी बांधण्याचं खूळ डोक्यातून काढ. रॉन चॅम्पियननं त्यावरचं पुस्तक 1996 साली लिहिलं, तेव्हा त्यातल्या डोनरला, जुन्या फोर्ड एस्कॉर्टला, कुणी विचारत नव्हतं. आज मार्क टू एस्कॉर्ट शौकीन लोक जपून ठेवतात, कापायला देत नाहीत.

माझं ऐकणार असशील तर माझदा एमएक्स-5 वर बेतलेलं किट बघ. इंजिन उभं, ताकद मागच्या चाकांना, चारही चाकांना डबल विशबोन. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एका लांब अॅल्युमिनियमच्या बीमनं जोडलेले. एमईव्हीच्या एक्सोसेटसारख्या किटमध्ये ही सगळी यंत्रणा एकत्रच नव्या सांगाड्याखाली जाते. पहिल्या पिढीचं 1.6 इंजिन 115 अश्वशक्तीचं. मात्र 1995 च्या सुमारास ब्रिटनमध्ये याच 1.6 ची ताकद 90 वर उतरवली होती, तेव्हा साल विचारल्याशिवाय हो म्हणू नकोस. 115 तुला कमी वाटतात? बॉडी उतरल्यावर वजन किती उतरतं याचं गणित घाल आणि मग बोल.

आता त्या रंगाबद्दल. जी बॉडी तू भंगारात टाकणार, तिच्या रंगाचे पैसे कशाला मोजतोस? दाराखालचे सिल गंजून एमओटीत, म्हणजे वार्षिक तपासणीत, नापास झालेली, पण रस्त्यावर नीट पळणारी एमएक्स-5 शोध. मालकाला वेल्डिंगचा खर्च परवडत नाही म्हणून ती स्वस्तात सुटते, आणि त्या गंजाशी तुला काही देणंघेणं नाही. ठोकलेली गाडी मात्र जपून घे. मार चाकावर बसला असेल तर विशबोन, हब, सबफ्रेम वाकलेले असतात, आणि नेमके तेच तुला हवे आहेत. गाडी पूर्ण घे. दारं, सीट, हार्डटॉप विकून बरेच पैसे परत येतात.

इंजिन थंड असताना स्वतः सुरू कर. विकणाऱ्यानं आधीच तापवून ठेवलं असेल तर का, ते विचार. कॉम्प्रेशन मोज. प्रत्येक गिअर टाक, दुसऱ्यात करकरतं का ते ऐक, मागून डिफरन्शियल विव्हळतो का ते ऐक. खाली उतरवून ठेवलेल्या इंजिनाबद्दल विकणारा सांगेल ते खरं मानावं लागतं. वायरिंग हार्नेस, इसीयू, किल्ली आणि इमोबिलायझर एकाच गाडीचे हवेत. स्टिअरिंग कॉलमही डोनरचाच वापर. अपघातात तो दबणारा असावा लागतो, घरी तसा बनवता येत नाही.

सगळ्यात संतापजनक वाक्य तू शेवटी टाकलंस, "लॉगबुक हरवलंय म्हणतो, पण माणूस चांगला आहे." माणसाशी सोयरीक जुळवायची आहे का? व्ही5सी नसेल तर गाडी चोरीची आहे की कर्जात अडकलेली, तुला काय कळणार? आयव्हीए, म्हणजे घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधीची सरकारी तपासणी, तिचं मॅन्युअल तूच मला पाठवलंस. मी वाचलं. तू वाचलंस का? इंजिन कुठल्या सालचं आहे हे कागदावर सिद्ध केलंस, तर धुराची मर्यादा त्या सालाप्रमाणे लागते. आणि डोनरची ओळख पटली नाही तर नशिबी क्यू अक्षराची नंबरप्लेट. बाहेरच्या कडांची गोलाई अडीच मिलिमीटरपेक्षा कमी भरली तरी नापास करणारे लोक आहेत ते, तुझ्या चांगल्या माणसाची त्यांना काय पडलीय?

इथे भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नं गाडीच्या मूळ रचनेला हात लावायची सोय ठेवलेली नाही. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. माझ्या किती विद्यार्थ्यांचे आराखडे वहीतच राहिले. तुला तिथे रीतसर परीक्षा देऊन स्वतः बांधलेली गाडी रस्त्यावर आणता येते, आणि तू ती संधी निळ्या रंगावर उधळायला निघालास.

ती बीएमडब्ल्यू घ्यायची नाही. आगाऊ रक्कम दिली असशील तर परत माग. पुढची गाडी बघायला जाशील तेव्हा आधी व्ही5सी हातात घे, त्यावरचे चॅसी आणि इंजिन नंबर गाडीवर जुळवून बघ, आणि मगच बॉनेट उघडायला सांग. त्या नंबरांचे फोटो आल्याशिवाय मला पत्र लिहू नकोस.