रॅकेट केवढ्याची घ्यावी?

मोठ्या खरेदीच्या वेळी माणूस सावध असतो. घर घ्यावयाचे झाले तर तो चार जाणत्यांचा सल्ला घेतो. मुलीचे लग्न ठरले तर खर्चाची यादी करतो. लहान खरेदीच्या वेळी मात्र तो मनाच्या ओढीने चालतो, आणि म्हणूनच त्याचे मन कशामागे धावते आहे हे लहान खरेदीत अधिक स्पष्ट दिसते. अशीच एक लहान खरेदी आम्ही या लेखासाठी निवडली आहे. बेताच्या ऐपतीच्या घराने मुलासाठी बॅडमिंटनची नवी रॅकेट घ्यावयाची आहे. ती केवढ्याची घ्यावी? प्रश्न किरकोळ वाटेल. परंतु न्याय, मोह, लाज आणि वात्सल्य या चारही गोष्टी त्यात गुंतलेल्या आहेत.

आपल्या उपनगरांत, अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत, पाऊस सरला की चर्चच्या आवारात आणि सोसायट्यांच्या मोकळ्या जागेत नेट बांधले जाते, पांढऱ्या रेघा ओढल्या जातात आणि रात्री दिव्याच्या उजेडात खेळ रंगतो. काही मुले तेथेच थांबतात, तर काही क्रीडा संकुलांत शिकवणीला जाऊ लागतात. मूल दोन-तीन महिने कुणाची तरी रॅकेट मागून खेळते आणि मग एके दिवशी घरी स्वतःच्या रॅकेटचा विषय निघतो. समजा, घराने हिशेब करून ३,००० रुपये बाजूला ठेवले आहेत. दुकानाच्या भिंतीवर चार-पाचशे रुपयांपासून दहा हजारांच्या वरपर्यंतच्या रॅकेट टांगलेल्या असतात. ऐपत केवळ वरची मर्यादा सांगते. त्या मर्यादेच्या आत योग्य काय, हे ठरवण्याचे काम विवेकाचे आहे.

या प्रश्नाला घराघरांत साधारणतः दोन उत्तरे मिळतात.

पहिले उत्तर असे: सर्वांत स्वस्त असेल ती घ्या, दोन महिन्यांत कोपऱ्यातच पडणार आहे. या उत्तरात व्यवहाराचा अनुभव आहे हे आम्ही नाकारीत नाही. परंतु सर्वांत स्वस्त रॅकेटची दांडी बहुधा पोलादाची, चौकट अ‍ॅल्युमिनियमची आणि दोहोंचा सांधा वेगळा बसवलेला असतो. ती जड असते, जाळी सैल असते, आणि चांगला फटका मारूनही फूल नेटपलीकडे हवे तेथे पडत नाही. नवशिक्या मुलाला हे अवजाराचे वैगुण्य आहे हे कळत नाही. त्याला वाटते, आपलाच हात वाईट. खेळ सुटतो आणि वडील म्हणतात, पाहा, सांगितले नव्हते का? वास्तविक मुलाची पारख झालेलीच नसते. वाईट अवजार देऊन एखाद्याची योग्यता जोखणे हा अन्याय आहे, मग तो शाळेत घडो, कारखान्यात घडो की घरात.

दुसरे उत्तर वात्सल्यातून येते: इतर मुलांपुढे त्याला कमीपणा वाटू नये, काटकसर दुसरीकडे करू, पण घेऊ तर उत्तमच. ज्याने स्वतःच्या बालपणी मन मारले, त्या पित्याच्या तोंडी हे वाक्य आले तर त्याला कोण नावे ठेवील? तरीही हे उत्तर तपासून पाहिले पाहिजे. तांदूळ महाग घेतला तर तो खाणाऱ्या प्रत्येकाला अधिक गोड लागेल. अवजाराचे तसे नाही. महागड्या रॅकेटपैकी पुष्कळ वेगवान, कसलेल्या हातांसाठी घडवलेल्या असतात. त्यांची दांडी ताठ असते. हाताला वेग असेल तरच ती वाकून परत उसळते. जाळी २६-२८ पौंडांच्या ताणाने बांधली तर कसलेल्या खेळाडूला फुलावर अचूक ताबा मिळतो. शिकाऊ मुलाचे फूल मात्र अर्ध्यावरच पडते आणि फटक्याचा हादरा कोपराला जाणवतो. म्हणजे तिप्पट पैसे मोजून पित्याने मुलासाठी अधिक अवघड वस्तू आणलेली असते.

मग शिकाऊ हाताला मानवेल अशी रॅकेट कोणती? चौकट आणि दांडी एकसंध ग्रॅफाइटची, वजन ८० ते ८४ ग्रॅम, जे मुठीच्या वरच्या भागावर ‘४यू’ अशा खुणेने छापलेले असते, दांडी लवचिक, तोल डोक्याकडे फार झुकलेला नाही, जाळीचा ताण २० ते २४ पौंडांच्या दरम्यान, आणि मूठ अशी की ती धरल्यावर बोटे तळव्यात रुतू नयेत. अशी साधी रॅकेट बाराशे ते पंधराशे रुपयांच्या आसपास मिळू शकते. खेळाच्या नियमांनी रॅकेटची लांबी ६८० मिलिमीटरपेक्षा आणि रुंदी २३० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी असे बंधन घातले आहे. किमतीची अट कोणत्याही नियमात नाही.

योग्य प्रमाण म्हणजे काय, याचा विचार अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात केला आहे. तेथे त्याने मिलो या विख्यात मल्लाचे उदाहरण दिले आहे. जेवढे अन्न मिलोला अपुरे पडेल तेवढेच आखाड्यात नव्याने उतरलेल्या पोराला अति होईल. दोन आणि दहा यांच्यामधील सहा ही संख्या गणितातील मध्य खरी. परंतु आचरणातील मध्य व्यक्ती पाहून ठरतो. रॅकेटच्या बाबतीतही हजार आणि दहा हजार यांचा मध्य काढून निर्णय होणार नाही. कोणाच्या हातात ती जाणार आहे, हे आधी पाहिले पाहिजे.

संत थॉमस अक्वायनस यांनी विवेकाच्या तीन क्रिया सांगितल्या: विचारविनिमय करणे, निर्णय घेणे आणि तो अमलात आणणे. पिता शिक्षकाला किंवा एखाद्या अनुभवी खेळाडूला विचारतो, ही पहिली क्रिया. मुलाचा हात आणि घरची ऐपत ध्यानात घेऊन तो ठरवतो, ही दुसरी. तिसरी सर्वांत कठीण. दुकानात गेल्यावर झगमगत्या रंगांपुढे आणि विक्रेत्याच्या गोड बोलण्यापुढे आधीचा निर्णय टिकवावा लागतो, आणि घरी परतल्यावर ‘ती दुसरी घेतली असती तर’ ही रुखरुख सोडावी लागते. याच संतांनी खेळ आणि विनोद यांना सद्गुणी जीवनात स्थान दिले आहे, आणि जो स्वतः कधी आनंद करीत नाही व इतरांच्या आनंदावर विरजण घालतो त्याच्या वागण्याला दोष मानले आहे. म्हणून रॅकेटवर खर्च करावा की नाही, असा प्रश्न आम्ही उपस्थित करीत नाही. खेळ ही माणसाची रास्त गरज आहे.

लूककृत शुभवर्तमानात बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दाखला आहे. पाया घालण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करावा, नाही तर काम अर्धवट राहते आणि लोक हसतात. बॅडमिंटनमध्ये रॅकेट हा केवळ पाया आहे. त्यावरचे बांधकाम म्हणजे रोजचा खेळ, आणि त्याला फुले लागतात. पिसांचे फूल १६ पिसांचे असते आणि त्याचे वजन पाच ग्रॅमच्या आसपास भरते. चांगले खेळाडू एका संध्याकाळी अशी कित्येक फुले मोडतात. शिकाऊंनी नायलॉनचे फूल वापरले तरी तेही कधीतरी फाटतेच. जाळी तुटते, तेव्हा पुन्हा गटिंग करावे लागते. मुठीवरची पट्टी झिजते. ज्याने तीनही हजार रुपये रॅकेटवर घातले त्याच्या मुलाची रॅकेट पुढे फुलांवाचून कव्हरमध्ये पडून राहते. ती मोडेल या धास्तीने घरचे लोक ती बाहेरही काढू देत नाहीत. जपून ठेवण्याची वस्तू आणि वापरण्याची वस्तू यांतील भेद येथे पुसला जातो.

याहूनही महत्त्वाची गोष्ट या खेळाच्या स्वभावातच आहे: तो एकट्याने खेळता येत नाही. नेटच्या पलीकडे कोणीतरी लागते. त्याच ३,००० रुपयांत बाराशेच्या दोन रॅकेट आणि सहाशेची फुले येतात. घरात दोन भावंडे असतील तर हा हिशेब सर्वप्रथम मांडावा. आपल्या पुष्कळ घरांत मुलासाठी नवी रॅकेट येते आणि बहिणीला त्याची जुनी, तुटक्या जाळीची मिळते. तिने ती कधी मागितली नाही म्हणून तिला नको आहे असे धरले जाते. कुटुंबातील न्यायाची परीक्षा अशा वेळी होते. आईवडिलांची माया सर्वांवर सारखी असते, हे आपण नेहमी म्हणतो. ती सारखी आहे की नाही, हे मुले अशा वस्तूंवरून ओळखतात.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. ऐपत बेताची असलेल्यांना समाधानाचा उपदेश करणे सोपे असते. गुणी मुलाने साध्या रॅकेटवरच का थांबावे? श्रीमंताच्या मुलाला उत्तम साधन आणि आमच्या मुलाला अ‍ॅरिस्टॉटल, असा हा प्रकार नव्हे काय?

याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागेल. पहिला भाग इतिहासातून मिळतो. सांगलीला जन्मलेले नंदू नाटेकर १९५६ साली मलायातील सेलांगोर स्पर्धा जिंकले आणि परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. त्या काळी रॅकेटची चौकट लाकडी असे. आजची साधी ग्रॅफाइटची रॅकेट तिच्याहून कितीतरी हलकी आहे. १९८० साली ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकणारे प्रकाश पदुकोण बंगळूरच्या ज्या सभागृहात खेळत मोठे झाले, तेथे लग्ने लागत आणि लग्नाच्या दिवशी खेळ बंद राही. शिकण्याच्या वयात साधेपणा गुणवत्तेच्या आड येत नाही, एवढे यावरून म्हणता येईल.

उत्तराचा दुसरा भाग समाजाला उद्देशून आहे. काही वर्षांच्या सरावानंतर असा दिवस येतो की हात रॅकेटच्या पुढे जातो. शिक्षक तसे सांगतात. फटक्याच्या जोराने जाळ्या वरचेवर तुटू लागतात. मूल तालुका-जिल्ह्याच्या स्पर्धांत उतरते. त्या वेळी पाच-सात हजारांची रॅकेट हा थाट नसून गरज असते, आणि तेव्हाही काटकसरीचे गोडवे गाणे हा मात्र खरोखर अन्याय होईल. मालाडला वाढलेला चिराग शेट्टी आपल्या साथीदारासह २०२३ साली हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत पुरुष दुहेरीचे सुवर्णपदक जिंकला. त्या स्पर्धेतील बॅडमिंटनमधले भारताचे ते पहिलेच सुवर्ण. अशी गुणवत्ता उपनगरातील कोणत्याही गल्लीत असू शकते. एका घराची ऐपत संपते तेथे नातलगांची, धर्मग्रामाची आणि शेजाऱ्यांची जबाबदारी सुरू होते. डोळ्यांची मागणी आणि हाताची मागणी यांत फरक करावयास शिकणे हे पालकांचे कर्तव्य. हाताची मागणी ओळखून ती पुरी करणे हे आपणा सर्वांचे.

राहता राहिली लाज. इतर मुलांच्या खांद्यांवर मोठ्या नावांच्या पिशव्या असताना आपल्या मुलाने साधी रॅकेट घेऊन जावे, हे आईच्या मनाला लागते. या लाजेपोटीच नामांकित कंपन्यांच्या नकली रॅकेट खपतात. बाराशेची खरी वस्तू सोडून बाराशेचे खोटे नाव घेण्यात मुलाला खेळातले काहीच मिळत नाही. आपण जे नाही ते दाखवावे, हा धडा मात्र मिळतो. याउलट घराचा हिशेब मुलापुढे मांडावा. इतके पैसे आहेत, इतके बहिणीसाठी, इतके फुलांसाठी, आणि तुझ्या हाताला आज ही रॅकेट योग्य आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हे समजते. कारण ठाऊक असलेली साधी वस्तू ते ताठ मानेने वापरते; कारण न सांगता लादलेली वस्तूच लपवावीशी वाटते.

वाचकहो, खरेदीला निघण्यापूर्वी घरातली कपाटे एकदा उघडून पाहावीत. शिकून बाहेरगावी गेलेल्या मुलांच्या चांगल्या रॅकेट अनेक घरांत पडून आहेत. काही शे रुपयांत नवी जाळी आणि मुठीला नवी पट्टी बसली की त्या पुन्हा खेळत्या होतात. आपल्या घरी गरज नसेल तर त्या आवारात खेळणाऱ्या मुलांसाठी द्याव्यात. मात्र तुटकी रॅकेट दान म्हणून देऊ नये, दुरुस्त करून द्यावी.

आणि नवी घ्यावयाची ठरलीच, तर मुलाबरोबर जावे, ठरलेली घ्यावी, उरलेल्या पैशांची फुले आणावीत. मग त्याच संध्याकाळी खाली उतरून नेटच्या पलीकडच्या बाजूला आपण स्वतः उभे राहावे. पलीकडे कोणी असल्यावाचून या खेळातली कोणतीच रॅकेट कामाची नाही.