चौरस मुलाला कळतो तो कसा?

मूल शब्दाचा अर्थ सुट्या शब्दातून शिकते की वाक्यातून, हा मीमांसकांचा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांचा, जुना वाद आहे. सातव्या शतकाच्या सुमारास कुमारिल भट्ट आणि प्रभाकर यांच्या मतांतून त्याच्या दोन बाजू पक्क्या झाल्या. ‘चौरस’ हा शब्द इयत्तावार उदाहरणवाक्यांतून शिकवताना हाच वाद वर्गात येऊन बसतो.

प्रभाकरांच्या मते अर्थ कळतो तो आज्ञेच्या वाक्यातून. थोरला म्हणतो, ‘गाय आण’. धाकटा गाय आणतो. मग ‘गाय बांध’, ‘घोडा आण’. शेजारचे पोर हे पाहत असते. वाक्यातला एक शब्द बदलला की कृतीत काय बदलते, हे ताडून ते एकेक अर्थ वेगळा काढते. या हिशेबाने पहिलीच्या वर्गात ‘कॅरमबोर्ड चौरस असतो’ यापेक्षा ‘चौरस उचल’, ‘चौरस पेटीत ठेव’, ‘त्रिकोण उचल’ ही वाक्ये सरस ठरतात. वेदान्ती रामानुजाचार्यांना मात्र हे मान्य नव्हते. आई, बाबा, मामा, चंद्र यांच्याकडे बोट दाखवून मोठी माणसे नावे सांगतात आणि मूल ती शिकते; त्यासाठी आज्ञा लागत नाही, असे ते श्रीभाष्य या आपल्या ग्रंथात म्हणतात.

पण बोटाची एक अडचण आहे. बोट कॅरमबोर्डाकडे आहे. मुलाने आकार घ्यावा, की लाकूड, की रंग? म्हणून उदाहरणे बदलती हवीत: रुमाल, फरशी, बुद्धिबळाच्या पटावरचे घर. तीही सरळ मांडलेलीच नकोत. रुमाल कोपऱ्यावर उभा धरला की बरीच मुले त्याला चौरस म्हणत नाहीत, शंकरपाळे म्हणतात. नैयायिकांच्या, म्हणजे न्यायशास्त्रातल्या तार्किकांच्या, भाषेत ही अव्याप्ती: जे चौरस आहे तेच बाहेर राहिले. उलट ‘चार बाजू सारख्या तो चौरस’ एवढेच सांगितले, तर खरे शंकरपाळेही आत शिरते, ती अतिव्याप्ती. म्हणून तिसरी-चौथीत ‘चारही कोन काटकोन’ ही अट वाक्यात यायलाच हवी.

आठवीच्या सुमारास वाक्य उलटे फिरते: ‘प्रत्येक चौरस हा आयत असतो, पण प्रत्येक आयत चौरस नसतो.’ इथे दाखवण्यासारखे काही उरत नाही. आयत, बाजू, काटकोन हे अर्थ आधी येत असतील, तरच ते जोडून नवा अर्थ उभा राहतो. हे कुमारिलांच्या मताला धरून आहे: आधी पदांचे अर्थ, मग त्यांचा अन्वय. नेदरलँड्समधील पिएर आणि डिना व्हान हिले या शिक्षक दांपत्याने 1957 मध्ये भूमितीच्या आकलनाच्या पातळ्या मांडल्या. त्यांतही आकार आधी नुसत्या रूपावरून ओळखला जातो, मग गुणधर्मांवरून, आणि चौरस आयतात मोडतो हे त्यानंतर पटते.

दोन्ही मीमांसक आपले मत सगळ्याच भाषाव्यवहाराला लावत होते. शाळेपुरते पाहिले तर खालच्या इयत्तांत प्रभाकर बरोबर ठरतात आणि वरच्या इयत्तांत कुमारिल. आठवीचे वाक्य पहिलीत घोकून घेण्याला मात्र दोघांचाही आधार मिळत नाही.