पोपचे अप्रमादित्व आणि आमचे

वाचावयाचे शास्त्रभाग : मत्तय १६:१३–१९, गलती. २:११–१४, प्रे. कृ. १७:१०–१२.



गेल्या सुगीच्या दिवसांत एका खेड्यात संध्याकाळच्या उपासनेत मी पोपविषयी बोललो. रोमन कॅथलिक लोक पोपला निष्पाप मानतात आणि तो बोलेल ते देवाचे बोलणे समजतात, असे मी सांगितले. मंडळीने माना डोलावल्या. मागे वसईकडचे एक वृद्ध कॅथलिक शिक्षक बसले होते. उपासना आटोपल्यावर ते जवळ आले व सौम्यपणे म्हणाले, "पाळकसाहेब, पोपसुद्धा फादरपुढे गुडघे टेकून आपली पापे कबूल करतात. निष्पाप माणूस ते कशाला करील?" मला उत्तर सुचले नाही. मी शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष दिली होती, आणि तीही व्यासपीठावरून. ह्यास्तव प्रथम ते लोक खरोखर काय मानतात ते सांगतो, आणि मग आपले म्हणणे.

पोप नववे पायस ह्यांच्या कारकिर्दीत रोम येथे व्हॅटिकन सभा भरली. तिने १८ जुलै १८७० रोजी हा सिद्धांत ठरविला. त्याचा आशय असा की, पोप जेव्हा सर्व ख्रिस्ती लोकांचा मेंढपाळ व शिक्षक ह्या नात्याने, प्रेषितांपासून आलेल्या आपल्या सर्वोच्च अधिकाराने, विश्वास किंवा नीती ह्यांविषयीची एखादी शिकवण सर्व मंडळीने मानलीच पाहिजे असे ठरवून देतो, तेव्हा देवाच्या साहाय्यामुळे त्या शिकवणीत चूक होत नाही. ह्यालाच 'एक्स कथेद्रा', म्हणजे आसनावरून बोलणे, म्हणतात. पोपचे आचरण, त्याचे राजकारण, त्याची खासगी पत्रे, नित्याची प्रवचने ह्यांस हे लागू नाही. त्याला नवे प्रकटीकरण होते असाही त्यांचा दावा नाही. मिळालेला ठेवा बिघडू नये म्हणून देव राखण करतो, एवढेच ते म्हणतात. १८७० नंतर अशा घोषणेचे सर्वमान्य उदाहरण एकच आहे : मरीया शरीरासह स्वर्गात घेतली गेली, ही बाराव्या पायसांनी १ नोव्हेंबर १९५० रोजी केलेली घोषणा.

हा ठराव सहज मंजूर झाला असे मात्र नाही. १३ जुलैच्या मतदानात ४५१ अनुकूल, ८८ प्रतिकूल, आणि ६२ जण दुरुस्तीच्या अटीवर अनुकूल होते. मग विरोधकांपैकी बहुतेक जण पोपसमोर नकार उच्चारण्यापेक्षा रोम सोडून निघून गेले. शेवटच्या दिवशी ५३३ विरुद्ध २ मते पडली. त्या दोघांनीही लागलीच ठराव मान्य केला. त्या वेळी मोठे वादळ होऊन विजा कडाडत होत्या. कोणी त्यात देवाचा कोप पाहिला, कोणी सीनाय पर्वत आठवला. जुलैच्या पावसावरून सिद्धांत काढू नये हे बरे!

येथे आपल्या उपदेशकांस एक सूचना करतो. ह्या सभेत बिशप स्ट्रॉसमायर ह्यांनी केले म्हणून एक जळजळीत भाषण प्रॉटेस्टंट लोकांत छापून फिरले आहे. ते बनावट आहे. ते बिशप सभेत विरोधात बोलले हे खरे, परंतु ते भाषण त्यांचे नव्हे. कोणाच्या पेटीत ते असेल तर त्याचा आधार घेऊ नये.

आता शास्त्राधार. ते तीन ठिकाणे दाखवितात. मत्तय १६ मध्ये प्रभु पेत्राला खडक म्हणून स्वर्गराज्याच्या किल्ल्या देतो. लूक २२ मध्ये त्याचा विश्वास खचू नये म्हणून प्रार्थना करतो व भावांस स्थिर करावयास सांगतो. योहान २१ मध्ये त्याला मेंढरे सोपवितो. ह्यावरून ते म्हणतात : मंडळीवर अधोलोकाचे बळ चालणार नाही असे वचन आहे, तिच्या मुख्य शिक्षकाने सर्वांवर बंधनकारक असे असत्य शिकविले तर सर्व मंडळीच फसेल, म्हणून त्याला राखणे हे त्या वचनातच आले, आणि मंडळी टिकणार तर पेत्राचे कामही त्याच्या वारसांकडे, म्हणजे रोमच्या बिशपांकडे, चालत आले पाहिजे.

ह्याला आम्ही बहुधा असे उत्तर देतो की, ग्रीक भाषेत 'पेत्र' व 'खडक' हे शब्द निराळे आहेत. सेमिनरीत मीही हेच घोकले होते. परंतु प्रभूच्या अरामी बोलीत दोन्हीकडे 'केफा' हा एकच शब्द असणार, हे त्यांचे प्रत्युत्तर हलके नाही. ऑगस्टीनने प्रथम पेत्राला खडक म्हटले, नंतर पेत्राने कबूल केलेल्या ख्रिस्ताला. आणि उतारवयात निवड वाचकावर सोडली. आमच्यातला ऑस्कर कुलमान ह्या पंडिताने १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पेत्र हाच खडक असे मान्य केले, परंतु पाया एकदाच घातला जातो म्हणून वारसांचा दावा नाकारला. माझ्या मते खरे भांडण येथेच आहे. पेत्राला जे मिळाले ते मिळाले. रोमच्या बिशपाला ते वारशाने मिळते, असे त्या तिन्ही ठिकाणी एक अक्षर नाही.

अंत्युखियात पौलाने पेत्राला सर्वांसमक्ष तोंडावर दोष दिला. कॅथलिक म्हणतात, चूक वागण्यातली होती, शिकवणुकीतली नव्हे. पोप होनोरियसला ६८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या सभेने पाखंडी ठरविले. तेथेही ते म्हणतात की त्याची पत्रे आसनावरून लिहिलेली नव्हती. ही उत्तरे त्यांच्या व्याख्येत बसतात, हे मी मान्य करतो. माझी अडचण निराळी आहे. १८७० च्या ठरावात म्हटले आहे की, पोपचे असे निर्णय स्वतःच अटळ आहेत, मंडळीच्या संमतीने नव्हेत. तर मग बिरुयाच्या लोकांना जागा कोठे? प्रत्यक्ष पौल शिकवीत असता ते रोज शास्त्र उघडून पाहत होते की तो सांगतो ते तसेच आहे काय. आणि लूक त्यांची निंदा नव्हे, तर प्रशंसा करतो. प्रेषिताला तपासण्याची ज्यांना मोकळीक होती, त्यांच्या लेकरांना बिशपाला तपासण्याची नाही काय?

परंतु हे लिहिताना लेखणी अडखळते. रोमच्या अप्रमादित्वाला निदान अटी आहेत. आमच्या खेड्यांत "साहेब म्हणाले", "पाळक म्हणाले" एवढ्याने वाद मिटतो, आणि त्याला विषयाची अट नाही की प्रसंगाची नाही. विहिरीचा तंटा असो, मुलीचे लग्न असो, वचनाचा अर्थ असो! माझ्या मंडळीत एक वृद्ध विधवा आहेत. साक्षरता वर्गात त्या साठीनंतर वाचावयास शिकल्या. एका रविवारी उपासनेनंतर बोट ठेवलेले बायबल घेऊन त्या आल्या व म्हणाल्या, "पाळकबाबा, तुम्ही सांगितलेत तसे येथे दिसत नाही." मला घाई होती. "आजी, ते तुम्हांला कळावयाचे नाही," असे म्हणून मी सायकलीवर बसलो. त्यानंतर त्यांनी मला काही विचारले नाही.

त्या शिक्षकांची मी क्षमा मागितली आहे. आजींकडे येत्या बुधवारी जावयाचे आहे. तो भाग मी पुन्हा वाचून पाहिला. त्या म्हणत होत्या तसेच तेथे आहे.