नाव घेतले, कर्म कोणाचे?
१७७८ साली सुरू झालेल्या लंडनमधल्या कापडाच्या दुकानातून वाढत गेलेले डेबेनहॅम्स २०२१ मध्ये बूहू या ऑनलाइन कंपनीने साडेपाच कोटी पौंडांना घेतले. घेतले म्हणजे फक्त नाव आणि संकेतस्थळ. दुकाने आणि सुमारे १२,००० नोकऱ्या व्यवहाराबाहेरच राहिल्या. मग हे तेच डेबेनहॅम्स का? गीता मानणारा म्हणेल, देहीने जुने वस्त्र टाकून नवे नेसले. (कापडवाल्यांना हा दृष्टान्त शोभतोही!) ‘मिलिंदपञ्ह’ या बौद्ध ग्रंथातला भिक्खू नागसेन मात्र चाक, आस, जू दाखवून विचारतो, यात रथ कोणता? त्याच्या हिशेबाने इमारती, माल, विक्रेते गेल्यावर उरते ती नुसती पाटी. मला नागसेन पटतो, पण त्याला अर्ध्यावर सोडता येत नाही. नवा जन्मणारा तोच नसतो आणि दुसराही नसतो, म्हणून आधीच्या कर्मातून सुटत नाही, असेही तोच सांगतो. आत्मा मानणारे आणि न मानणारे इथे एकत्र येतात: सातत्य ओळखायचे ते कर्मावरून.

कोणी म्हणेल, कंपनी हा जीव नव्हे. गिऱ्हाइकांनीच पाठ फिरवली आणि दिवाळखोरीत विकेल ते विकणे कायदेशीरच आहे. खरे आहे. पण बीएचएस पाहा. २०१५ मध्ये ही ब्रिटिश दुकानांची साखळी एका पौंडाला विकली गेली, पुढच्याच वर्षी बुडाली, आणि निवृत्तिवेतन निधीत ५७.१ कोटी पौंडांची तूट उघडी पडली. जुने मालक फिलिप ग्रीन यांना २०१७ मध्ये ३६.३ कोटींपर्यंत भरण्याचे कबूल करावे लागले. मालकी सुटली, देणे सुटले नाही. फक्त ते वसूल करायला कर्मसिद्धान्त पुरला नाही, पेन्शन नियामक लागला.