इंजिनाचे ठिगळ

जुनी वस्तू दुरुस्त करताना तिला नेमके कोणत्या दिवसापर्यंत मागे न्यायचे, हा प्रश्न वरवर कारागिराचा वाटतो. थोडे खोलात गेले की तो नीतीचा होऊन बसतो. देवळाच्या बाबतीत आपण जीर्णोद्धार हा भारदस्त शब्द वापरतो आणि सगळा खर्च पुण्याच्या खात्यावर मांडून मोकळे होतो. इंजिनाच्या दुरुस्तीला पुण्याचा असा आडोसा मिळत नाही, त्यामुळे प्रश्न उघडा पडतो.

शाहपूरला माझ्या आतेभावाच्या मळ्यात, केळीच्या बागेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक तेलाचे इंजिन बरीच वर्षे पडून होते. इंग्लंडातील डर्स्ले गावच्या लिस्टर कंपनीचे, एका सिलिंडरचे, सहा अश्वशक्तीचे, मिनिटाला साडेसहाशे फेरे घेणारे. हा नमुना १९३० च्या सुमारास बाजारात आला. दोन अंगांना दोन जड चाके, वजन तीनशे किलोच्या वर. हँडल मारून चाकांना गती द्यायची, मग दाब मोकळा ठेवणारी कळ सोडायची, की पहिला ठोका पडे आणि शिवाराला कळे की अमक्याची विहीर चालू झाली. पुढे १९४६ मध्ये पुण्याला किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला. राजकोटच्या कारखान्यांनी तर लिस्टरच्याच घाटाची इंजिने काढली. मोट गेली ती या यंत्रांमुळे, आणि यंत्रे गेली ती विजेच्या मोटारीमुळे. मोट गेल्याचे दुःख निदान कवींनी केले. इंजिनासाठी कोणी एक ओळ लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही.

आतेभावाच्या मुलाने गेल्या वर्षी ते उघडायला घेतले. रॉकेलमध्ये भिजवून नटबोल्ट सुटे केले, व्हॉल्व्ह घासले, रिंगा व बेअरिंगे बदलली. सुटे भाग राजकोटचे आणले. ते विलायती इंजिनात बिनतक्रार बसले. इथे कोणालाही थीसिअसच्या जहाजाची आठवण होईल. प्लूटार्कने नोंदवलेला तो जुना वाद: एकेक फळी बदलत गेलेले जहाज तेच की दुसरे? हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने १६५५ मध्ये त्याला आणखी एक पीळ दिला. काढून टाकलेल्या फळ्या कोणी जमवून त्यांचेच जहाज उभारले, तर खरे कोणते? आपल्याकडे हा प्रश्न तत्त्वज्ञाला नव्हे, भंगारवाल्याला विचारायला हवा.

मला मात्र हा वाद इंजिनापाशी फारसा अडवत नाही. रिंगा झिजण्यासाठीच असतात. त्या बदलल्या म्हणून इंजिन बदलले असे कोणी म्हणत नाही. भाग किती बदलले याची मोजदाद करत बसण्यापेक्षा कोणता भाग बदलला आणि त्याबरोबर काय गेले, हे पाहणे मला महत्त्वाचे वाटते.

या इंजिनात तो भाग सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीचा आहे. तिच्या बाहेरच्या बिडाच्या भिंतीला वीतभर तडा आहे. त्यावर पत्र्याचे ठिगळ, खाली सफेदा आणि सुताचे पॅकिंग, कडेने बारा स्क्रू. बऱ्हाणपूरच्या एका मिस्त्रीने १९६६ च्या उन्हाळ्यात हे काम केले. बिडाला वेल्डिंग मानवत नाही हे तो जाणत होता. ठिगळाशेजारी डाग आहेत, पण पाणी आजही गळत नाही.

तडा कसा गेला, याची घरातली गोष्ट ठरलेली होती. सालदाराने इंजिन तापू दिले, टाकी रिकामी पडली, आणि घाबरून त्याने तापल्या बिडावर विहिरीचे गार पाणी ओतले. वर्ष भरायच्या आत त्याला काढले, आणि तीन महिन्यांचे पैसे नुकसानीपोटी कापले. घरातल्या वहीत तशी नोंद आहे.

आता पोकळीला जोडलेले नळ काढताना माळ्यावरचा एक जुना नळ सापडला. तो क्षाराने इतका दाटला होता की आतून करंगळीही जाईना. वही पुन्हा उघडली. मिस्त्रीच्या नावाखाली एकाच दिवशी दोन कामे लिहिली आहेत: ठिगळ, आणि नवा नळ. या इंजिनात तापलेले पाणी आपोआप वर चढून टाकीत जाते आणि गार पाणी खालून आत येते. वाटच बुजली तर टाकी भरलेली असूनही इंजिन तापणारच. सालदाराने गार पाणी ओतले असेलही. पण इंजिन तापले ते त्याच्या झोपेमुळे नव्हे, असे दिसते. मिस्त्रीला हे कळले होते, आणि नळाचे पैसे देणाऱ्यालाही कळले असणार. तरी पैसे कापले गेले ते गेलेच.

आत्याबाई तेव्हा घरात नव्या सुनबाई होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘मामंजींपुढे बोलायची छाती कोणाची होती? तो रात्री ओट्याखाली उभा राहिला, मग गेला. त्याची बायको मला भाकरीला पीठ मागायची.’’

नातवाचे म्हणणे वेगळे होते. राजकोटहून नवे सिलिंडर मागवावे, ठिगळ भंगारात जाऊ द्यावे, वर कंपनीचा हिरवा रंग द्यावा. त्याच्या बाजूला वजन होते हे नाकारू नये. इंजिन चालवायचे असेल तर ते भक्कम हवे, आणि मेलेल्या आजोबांवर खटला भरून उपयोग काय? ते उत्तर द्यायला येणार नाहीत.

मी एवढेच म्हणालो की उत्तर द्यायला सालदारही नाही, आणि त्याच्या बाजूने असलेली एकमेव वस्तू आपण भंगारात देणार आहोत. नवे सिलिंडर बसवले की इंजिन कारखान्यातून निघाल्याच्या दिवसापाशी जाईल. त्या दिवशी ते कोणाचेच नव्हते. त्याने कोणाचा मळा भिजवला नव्हता, कोणाची भाकरी तोडली नव्हती. हा शुद्धपणा आपल्याला का हवासा वाटतो, याचा विचार करावा. १९६४ साली व्हेनिसला वास्तुतज्ज्ञांनी एक सनद केली. नव्याने घातलेला भाग मूळ रचनेशी जुळावा, पण जुन्यापासून ओळखू यावा, असा तिचा एक दंडक आहे. तो वास्तूंसाठी केला, पण शेतकऱ्याच्या शेडलाही लागू पडायला हरकत नाही. ठिगळ राहिले. ते राहिले म्हणजे फेड झाली, असे मात्र मी मानत नाही. तीन महिन्यांचे पैसे अजून वहीतच आहेत.

मग ट्रॉलीचा विषय निघाला, आणि मला वाटले त्याहून तो अवघड ठरला. असे इंजिन काँक्रीटच्या पायावर बसवलेले असते. दट्ट्याचा हादरा जमीन पिते. चाकांवर चढवले की हादऱ्याला जागा उरत नाही, आणि इंजिन ट्रॉलीसकट चालू लागते. म्हणून लोखंडी चॅनेलचा सांगाडा बुटका व रुंद केला, इंजिनाखाली बाभळीचे दोन ओंडके घालून आरपार बोल्ट आवळले, पुढचा आस वळता ठेवला, चाकांना लाकडी पाचरी दिल्या. मुलाला जुन्या बैलगाडीची चाके हवी होती, दिसायला शोभतील म्हणून. ती नको, असे ठरले. ट्रॉली आजची आहे, तिने आजचेच दिसावे.

पण खरी अडचण शोभेची नव्हती. इंजिन शेडमध्ये होते तोवर ठिगळाची गोष्ट आसपासच्यांना माहीत होती, चुकीची का होईना. चाके लागली की ते शाळेत जाईल, कृषिमेळ्यात जाईल. तिथे मुले विचारतील, हे काय आहे? आणि जो उभा असेल तो सोयीचे उत्तर देईल. म्हणून ट्रॉलीवर एक पितळी पाटी लावायची ठरली. इंजिनाला नव्हे; इंजिनाच्या अंगावर आणखी भोके पाडायची नाहीत.

पाटी मराठीत की हिंदीत, यावर आमच्याकडे नेहमीचा वाद झाला आणि दोन्हींत असे ठरून मिटलाही. मजकुरावर अडले. मुलाला केवळ दुरुस्तीचे साल हवे. आत्याबाईंना सालदाराचे नाव हवे, आणि नळाचाही उल्लेख. नाव त्यांना अर्धेच आठवते. सातपुड्याकडच्या पाड्यावरचा होता, एवढे सांगतात. वहीत तर नुसते ‘सालदार’ लिहिले आहे. पाटी करणाऱ्याला थांबायला सांगितले असून, आतेभाऊ दिवाळीनंतर त्या बाजूच्या दोन-तीन पाड्यांवर विचारून येणार आहे. जाताना वही बरोबर नेणार आहे.