दुकानाचे ऋण आणि गृहस्थाचा विवेक

गृहस्थ हा देव, ऋषी व पितर यांचा जन्मतःच ऋणी असतो, असे शास्त्र सांगते. तेव्हा ऋण ही गोष्ट मुळातच निंद्य म्हणता येत नाही. प्रश्न उद्भवतो तो हौसेखातर केलेल्या ऋणाविषयी; आणि आज या ऋणाने दुकानाच्या नावाच्या क्रेडिट कार्डाचे रूप घेतले आहे. अमेरिकेत अशी कार्डे दीर्घकाळ प्रचारात आहेत. भारतात मोठी दुकाने व ऑनलाइन विक्रेते एखाद्या बँकेच्या सहकार्याने ती देववितात. कार्डावर नाव दुकानाचे. धनको मात्र बँक.

कार्डाच्या बाजूने बोलण्यासारखे थोडे नाही. खरेदीवर सूट मिळते, देयक मुदतीत पूर्ण भरल्यास सुमारे 20 ते 50 दिवस बिनव्याजी मिळतात, आणि परतफेडीची नोंद चोख राहिली तर पुढे गृहकर्ज मिळणे सुकर होते.

परंतु देयक पूर्ण भरले नाही की चित्र पालटते. समजा, 40,000 रुपयांची बाकी राहिली व व्याज दरमहा साडेतीन टक्के आहे. पहिल्या महिन्याचे व्याज 1,400 रुपये, त्यावर 18 टक्के वस्तू व सेवा कर 252 रुपये. बँकेने मागितलेली किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे 2,000 रुपये, भरून गृहस्थ निर्धास्त होतो. प्रत्यक्षात त्याचे मुद्दल अवघ्या 348 रुपयांनी उतरलेले असते. शिवाय बाकी असेतोवर नव्या खरेदीसही बिनव्याजी मुदत मिळत नाही.

मनुस्मृतीत वसिष्ठांच्या मताने मासिक व्याज मुद्दलाचा ऐंशीवा भाग सांगितले आहे. वरील रकमेवर ते 500 रुपये होते. तथापि टीकाकार हा दर तारण दिलेल्या ऋणापुरता मानतात, व विनातारण ऋणास स्मृती अधिक व्याज घेऊ देते. म्हणून केवळ दर दाखवून आजच्या बँकेस दोष देणे न्याय्य होणार नाही. अधिक महत्त्वाचा आहे तो दामदुपटीचा नियम: एकाच वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक होता कामा नये. धनकोच्या लोभास कोठेतरी बांध हवा, हे स्मृतिकारांनी ओळखले होते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 साली कार्डावरील 30 टक्क्यांहून अधिक वार्षिक व्याज अनुचित ठरविले होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये तो निर्णय रद्द केला. बांध घालण्याचे काम आता बव्हंशी ऋणकोवरच आले आहे.

येथवरचा विचार बेसावध मनुष्याचा झाला. सावध गृहस्थाचे काय? तो एक पैसा व्याज भरीत नाही आणि सूट मात्र पुरेपूर घेतो. व्यवहारात यास चातुर्य म्हणतात. पण ती सूट येते कोठून? काही भाग दुकानदार आपल्या नफ्यातून सोसतो, हे खरे. उरलेला भाग कार्डाच्या उत्पन्नातून येतो, आणि त्या उत्पन्नात किमान रक्कम भरून महिना ढकलणाऱ्या कारकुनाचे व्याज व विलंबशुल्कही असते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञचक्राच्या संदर्भात, मिळालेले परत न देता एकट्याने भोगणाऱ्यास चोर म्हटले आहे. हा शब्द सावध गृहस्थास लावणे कठोर होईल. त्याने कोणास फसविलेले नाही, करार सर्वांना सारखाच खुला होता. तरीही आपल्या सवलतीची किंमत कोणी अनोळखी मनुष्य भरीत आहे, हे कळल्यावर त्या सवलतीची गोडी पूर्वीसारखी राहील काय?

काही कुटुंबांत एक रीत आढळते. कार्डावर खरेदी झाली की त्याच संध्याकाळी तेवढी रक्कम खात्यातून बाजूस काढावयाची. आणि वर्षभरात सुटीमुळे जे वाचले, ते घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलाच्या शाळेच्या फीकडे लावावयाचे. बँकेच्या हिशेबात याची नोंद होत नाही. सूट ज्याच्या व्याजातून आली त्याच्यापर्यंतही ती पोहोचत नाही, हे त्या घरांतील माणसे जाणतात. तरी दर जूनमध्ये फी भरली जाते.