गहाळ क्रमांक : स्मरणरंजनातील अनेकवचन

स्मरणरंजन ही खासगी भावना मानली जाते; परंतु तिची भाषा बहुधा अनेकवचनी असते. 'आपले बालपण', 'आपली पिढी' असे म्हणताच काहींच्या अनुभवाला सर्वांच्या अनुभवाचा दर्जा मिळतो. हे अनेकवचन कितपत न्याय्य आहे, हा प्रश्न सौंदर्यशास्त्रीय आहे तितकाच नैतिकही आहे. १९९६ साली जपानमध्ये गेम बॉय या यंत्रासाठी निघालेल्या 'पोकेमॉन' या प्राणिसंग्रहाच्या खेळाच्या निमित्ताने तो तपासता येतो.

हा खेळ मुळात स्मरणातूनच जन्मला. टोकियोजवळच्या माचिदा येथे बालपणी कीटक गोळा करणाऱ्या सातोशी ताजिरी यांना, शहरीकरणाने हिरावलेला तो आनंद नव्या मुलांना द्यावासा वाटला. चाहत्यांच्या प्रेमाचा एक मोठा विषय मात्र निर्मात्यांच्या योजनेबाहेरचा आहे. १९९८ च्या इंग्रजी आवृत्तीत काही कृती ठरावीक क्रमाने करून सिनाबार बेटाच्या किनाऱ्यालगत पोहत राहिले, की 'मिसिंगनो' प्रकटतो. 'मिसिंगनो' म्हणजे गहाळ क्रमांक. प्राण्यांच्या अंतर्गत अनुक्रमात रिकाम्या राहिलेल्या जागेलाच यंत्र प्राणी समजते आणि पडद्यावर ठिपक्यांचा एक विस्कटलेला ठोकळा उमटतो. चाहत्यांच्या चित्रांत या ठोकळ्याची दोन रूपे दिसतात. काही चित्रकार त्याला डोळे, अवयव आणि पूर्वेतिहास देतात. काही त्याला ठोकळाच राहू देतात. पहिले रिकामी जागा भरून काढतात, दुसरे ती दाखवतात. हस्तलिखिताचा संपादक त्रुटित स्थळी स्वतःचे शब्द घालतो की ते स्थळ मोकळे सोडतो, यातील फरकही हाच आहे.

भारतात ही सृष्टी प्रामुख्याने २००३ पासून दूरचित्रवाणीवरील मालिकेच्या रूपाने आली. मूळ खेळ ज्यांनी हाताळला नाही, त्यांनाही ती 'आपल्या पिढीची' वाटते. या पिढीत बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांची मुले कोठे असतात? दर हंगामात लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात. अनेकांची मुले बरोबर असतात. रोज ठरलेल्या वेळी पाहण्याची मालिका काय, एकेक जमवून पूर्ण करण्याचा संग्रह काय, दोन्हींना एका जागी टिकणारे घर गृहीत असते. फडालगतच्या कोपीत ते नसते. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे एक 'कोयता' म्हणून मोजतात. त्या मोजणीत मुलाला जागा नाही. पिढीच्या स्मरणातही नसावी, हा केवळ योगायोग नव्हे.

प्रत्येक आठवणीने अनुपस्थितांचा हिशेब द्यावा, असा आग्रह धरल्यास आठवणच अशक्य होईल, असा आक्षेप येथे संभवतो. तो एकवचनापुरता मान्य करावा लागेल. 'माझे बालपण' म्हणणाऱ्यावर असे दायित्व नाही. 'आपले' म्हणणाऱ्यावर आहे. मात्र सहृदय समीक्षकालाही येथे मोह होतो: त्या मुलाच्या ठायी न पाहिलेल्या खेळाची ओढ कल्पून तो त्यालाही आयते डोळे चिकटवतो. त्या बालपणाला स्वतःचे खेळ आणि स्वतःचे प्राणी असतात. त्याची ओळख केवळ अभावाने ठरत नाही. म्हणून रिकामी जागा परस्पर भरून न काढता ती रिकामी असल्याचे नोंदवणे, आणि 'आपण' हा शब्द तोवर जपून वापरणे, हीच स्मरणाची प्रामाणिकता होय.